व्हेसेलियाचा दगड

रोक्कासेर्ला हे शहर जलप्रलयानंतर एकशे एकेचाळीसाव्या वर्षी खुद्द नोहाच्या नातवाने वसवले, याबद्दल विद्वानांत दुमत नाही. रोक्कासेर्लात विद्वान एकच होते, डॉक्टर लात्तान्झिओ पेलूझो, त्यामुळे दुमत व्हायला जागाही नव्हती. शहर म्हणजे दोनशे बारा चुली, एक चर्च, पावसाचे पाणी साठवणारे एक टाके आणि हे डॉक्टर.

वर डोंगरात, खेचराने गेले तर दीड तासावर, मोंतोर्व्हो. तेही शहरच. एकशे नव्वद चुली, दोन झरे आणि एक नोटरी. या नोटरीच्या, म्हणजे एर्कोले त्रास्मुंदोच्या मते नोहाचा नातू आधी मोंतोर्व्होला आला. उतरताना रोक्कापाशी तो थांबला होता हे नोटरीला मान्य होते, पण ते खेचराला लघवी करू देण्यासाठी.

खरे भांडण मात्र नोहावरून नव्हते, व्हेसेलियावरून होते. एका जुन्या रोमन इतिहासकाराने एकच वाक्य लिहून ठेवले आहे: त्या वर्षी कॉन्सुलने व्हेसेलिया घेतली, जाळली आणि माणसे विकली. बस. ती कुठे होती, केवढी होती, कॉन्सुलचे तिने काय बिघडवले होते, काही नाही. दुसऱ्या कोणी असल्या पूर्वजांबद्दल तोंड मिटून घेतले असते. आमची दोन गावे मात्र शंभर वर्षे छाती पुढे काढून सांगत होती की जाळले ते आम्हाला, विकले तेही आम्हालाच.

कारण मिरवणूक. सप्टेंबरात बिशपच्या गावी संत फेलिचिस्सिमोचा हात चांदीच्या पेटीतून निघतो आणि मुलखातली सगळी गावे जुनेपणाच्या क्रमाने त्याच्यामागून चालतात. सगळ्यात जुने गाव पेटीवर धरलेल्या छत्राच्या अगदी मागे, धूप हुंगत. सगळ्यात नवे गाव मठाच्या खेचरांच्या मागे, जे हुंगायला मिळेल ते हुंगत. रोक्का आणि मोंतोर्व्हो दर वर्षी छत्रामागच्या त्या एका जागेसाठी मेणबत्त्यांनी मारामारी करत. पाच पौंडी मेणबत्ती असते, साधी नव्हे. १६०९ साली त्यात एकाचा डोळा गेला, तेव्हापासून बिशपने दोघांनाही खेचरांमागे धाडले होते. १६२७च्या वसंतात नवे बिशप आले आणि त्यांनी हुकूम काढला: पुस्तके पुरे झाली. ज्या गावच्या जमिनीतून व्हेसेलियाचे नाव कोरलेला दगड साक्षीदारांसमोर निघेल, तो दगड सांगेल तीच व्हेसेलिया. तेच गाव पुढे, आणि त्याच बाजूचा ग्रंथ छापायला परवानगी. दुसऱ्या बाजूच्या ग्रंथाने पाव भाजावेत.

डॉक्टरांचा ग्रंथ सहा खंडांचा होता. ‘व्हेसेलियाचे पुनरुत्थान’. बावीस वर्षे ते तो लिहीत होते. नाडी बघता बघता त्यांना कॉन्सुलची वाट सुचे, आणि आजारी माणूस जीभ बाहेर काढून वाट बघत बसे. मूलबाळ नव्हते, बायको गेलेली. साठी ओलांडलेल्या त्या माणसाच्या आयुष्यात छापून येण्यासारखी दुसरी गोष्ट उरलेली नव्हती.

आणि त्यांच्याकडे दगड नव्हता. म्हणजे, एकदा होता. वीस वर्षांपूर्वी त्यांनी एक छोटे चोपडे छापले होते, त्यात एका शिलालेखाची नक्कल होती. तारुण्यात एका द्राक्षमळ्यात आपण तो डोळ्यांनी पाहिला, असे त्यांनी लिहिले होते. पुढे तो दगड चुनेवाल्याने भट्टीत घातला, असेही लिहिले होते. आमच्याकडच्या विद्वानांनी तारुण्यात पाहिलेले सगळे दगड पुढे चुनेवाल्यांनीच भट्टीत घातलेले आहेत. त्या लेखात व्हेसेलियाच्या एका दंडाधिकाऱ्याचे नाव होते: व्हिबियुसचा मुलगा नुमेरियुस पेलुसियुस. डॉक्टरांचे आडनाव पेलूझो. गावाने काय ते समजून घेतले आणि मिरवणुकीत गावाचा झेंडा कायमचा पेलूझोंच्या हातात दिला.

नुमेरियुस पेलुसियुस कुठून आला, हे जगात एकट्या डॉक्टरांना माहीत होते. तो १६०७च्या फेब्रुवारीत, बर्फामुळे कुठे जाता येत नसताना, मसुराच्या आमटीनंतर आला होता.

त्या ऑगस्टात नोटरी त्रास्मुंदो जलोदराने आजारी पडला. दोन्ही गावांत मिळून डॉक्टर एकच. तेव्हा बावीस वर्षे एकमेकांना छापील आणि हस्तलिखित शिव्या देणारे हे दोन म्हातारे खाटेच्या दोन बाजूंना समोरासमोर आले.

नोटरीचे पोट वाइनच्या बुधल्यासारखे फुगले होते आणि हातपाय वाळून काटक्या झाले होते. त्याची अविवाहित बहीण पेर्ना उशा लावून त्याला बसते करत होती. आडवा झाला की जीव घुसमटे.

“या, डॉक्टर, या,” नोटरी धापा टाकत म्हणाला. “गुलामांच्या वस्तीतून एवढ्या चढावर आलात. दमला असाल.”

“तुमच्याइतका नाही.” डॉक्टरांनी पोटावर बोटे वाजवली. “भरलंय. पाणी काढावं लागेल. नळी घातली की तासाभरात मोकळे व्हाल. आठ-दहा दिवस तरी सुखाने श्वास घ्याल.”

“मग घाला की.”

डॉक्टरांनी पेटी मांडीवर घेतली, पण कडी उघडली नाही.

“नोटरी, तुम्ही चौदा वर्षं सगळीकडे सांगत फिरता, की व्हेसेलियाचा दगड कुठे आहे ते मला माहीत आहे. मठात सांगितलंत, जत्रेत सांगितलंत, माझ्या सासऱ्याच्या प्रेतयात्रेत सांगितलंत.”

“सांगितलं असेल. सासरे तुमचे छान होते.”

“कुठे आहे?”

नोटरीने बहिणीकडे पाहिले. बहीण पेटीच्या कडीकडे पाहत होती.

“तुम्ही मला बरं करायला आलात की जबानी घ्यायला?”

“जे आधी होईल ते.”

“मग बसा,” नोटरी म्हणाला. “पेर्ना, डॉक्टरांना चीज दे. त्यांच्या गावात मेंढ्या आहेत, पण त्यांना चीज करता येत नाही.”

डॉक्टरांनी चीज खाल्ले, चांगले होते, आणि पेटी न उघडता खेचरावर बसले. पेर्ना अंगणाबाहेरपर्यंत मागे आली.

“डॉक्टर, असं करू नका हो. रात्रभर खिडकीत बसून असतात. माशासारखं तोंड करतात.”

“बाई, चंद्र भरतीचा आहे. अशात नळी घालणं शास्त्राला धरून नाही.”

“कधी घालाल?”

“तुमच्या भावाला विचारा. चंद्र त्यांच्या हातात आहे.”

तीन दिवस ते गेले नाहीत. तीन दिवस त्यांनी पाचव्या खंडाची स्वच्छ प्रत केली. आपण वाईट वागतो आहोत असे त्यांना वाटले नाही असे नाही. वाटले, पण व्हेसेलियातल्या चार हजार माणसांना कॉन्सुलने दोरीला बांधून विकले होते, आणि त्या चार हजारांना (हा आकडा डॉक्टरांचाच होता) न्याय मिळायचा तर एका नोटरीने तीन दिवस माशासारखे तोंड करायला हरकत नसावी, असा त्यांनी हिशेब घातला.

चौथ्या दिवशी पेर्नाने माणूस पाठवला. नोटरी निळा पडला होता. दोन शब्द बोलून तिसऱ्यासाठी तो हवा गोळा करत होता.

“सांगतो,” तो म्हणाला. “पेटी उघडा. दिसू दे मला.”

डॉक्टरांनी कडी उघडली. नळी काढून त्याच्या पांघरुणावर ठेवली, हाताला लागेल अशी.

“तुमच्याच गावात आहे.”

“कुठे?”

“टाक्यात. तळाला. पालथा.” मग खूप वेळ नुसता घरघर आवाज. “चौदा वर्षांपूर्वी तुमच्या टाक्याचा तळ दुरुस्त केला होता. गवंडी कोण होता?”

“बियाजो. तुमचाच, मोंतोर्व्होचा.”

“त्याला दिसला. मोठा चौकोनी. अक्षरं होती. त्याला वाचता येत नव्हतं. मला येऊन कोळशाने काढून दाखवली.” नोटरीने बोटाने पांघरुणावर एकेक अक्षर गिरवले. व्हेसेलि एवढे झाल्यावर बोट गळून पडले. “मी त्याला म्हटलं, पालथा घाल, वरून चुना मार. बोलू नकोस. तो बोलला नाही. मेला बिचारा. मीही बोललो नाही. पण आता हे ओझं घेऊन वर कसा जाऊ? वर जुनी माणसं भेटतील. व्हेसेलियाची. तोंड कसं दाखवू?”

पेर्ना कोपऱ्यात रडत होती. डॉक्टरांच्या डोळ्यांतही पाणी आले. शत्रू हरला की त्याच्याबद्दल जे प्रेम वाटते ते इतर कोणाबद्दल वाटत नाही.

त्यांनी नळी घातली. दोन घमेली आणि वर एक तपेली पाणी निघाले. नोटरीचा रंग परत आला. त्याने डोळे मिटून पहिला पुरता श्वास घेतला आणि तो लहान मुलासारखा हसला.

“त्यावर आणखी काय लिहिलंय?” डॉक्टरांनी विचारले.

“मला काय ठाऊक? मी पाहिलाय कुठे? तुम्हीच वाचा. सगळ्यांसमोर वाचा. तुमचाच मान आहे तो.”

उतरताना डॉक्टरांनी शंका काढून पाहिली. त्यांची ती सवय होती. प्रत्येक शंका ते आधी स्वतः काढत आणि मग दोन पानांत तिचा निकाल लावत. नोटरी खोटे बोलला असेल काय? गुदमरणारा माणूस खोटे बोलत नाही. तसे नसते तर न्यायालयांनी कबुली काढायला दोरखंड कशाला टांगून ठेवले असते? दगड बनावट असेल काय? याचे उत्तर तर त्यांनी स्वतःच छापले होते. त्या जुन्या चोपड्याच्या शेवटी ‘दगड पारखण्याचे नियम’ होते आणि त्यातला सातवा असा: जो दगड जुन्या बांधकामात पालथा सापडतो तो संशयातीत मानावा, कारण वाचला जाऊ नये म्हणून कोणी लेख कोरत नाही. या नियमाचा त्यांना अभिमान होता. मुलखातले इतर विद्वानही तो वापरत. चोपडे मुलखात कोणी कोणी वाचले असेल, याचा मात्र त्यांनी त्या वाटेवर विचार केला नाही.

गावसभेत गावप्रमुख कोलांतोनिओने डोके खाजवले.

“डॉक्टर, ऑगस्ट आहे, भर उन्हाळा. टाक्यात कमरेइतकं पाणी आहे. ते सोडून द्यायचं?”

“सहा हंडे वेगळे भरून ठेवा.”

“दोनशे बारा चुली आहेत.”

“कोलांतोनिओ, तुम्ही अठरा वर्षं मठाच्या खेचरांमागून चाललात. तुमच्या वडिलांनी छत्रामागच्या जागेपायी एक डोळा घालवला. सप्टेंबरात तिथे चालायचंय की नाही? पाऊस काय, ऑक्टोबरात येतोच आहे.”

डोळ्याचा विषय निघाल्यावर सभा संपली. हात वर झाले. बायकांना सभेत हात नव्हते, पण तोंड होते. टाक्याच्या काठावर पन्नास वर्षे हंडे भरणारी अगातेल्ला मावशी कमरेवर हात ठेवून म्हणाली, “डॉक्टर, मला एक सांगा. ते व्हेसेलियाचे लोक पाणी कुठलं पीत होते?”

“याच टाक्यातलं, मावशी. म्हणून तर दगड इथे आहे.”

“मग त्यांनी ते उपसलं नव्हतं वाटतं.”

लोक हसले. डॉक्टरही हसले. त्या आठवड्यात ते कशालाही हसत होते.

बिशपचे कारभारी मोन्सिन्योर गाल्लुप्पी साक्षीला आले. लॅटिन उत्तम, पोट नाजूक, आणि दुपारचे जेवण चुकू नये एवढीच इच्छा. डॉक्टरांनी स्वतः पत्र लिहून त्यांना बोलावले होते. टाक्याच्या काठावर सगळे गाव जमले. आणि गावाच्या वेशीतून एक डोली आली. चार मोंतोर्व्होकर तिला खांदा देत होते, आत उशांवर नोटरी त्रास्मुंदो.

“हा कशाला इथे?” कोलांतोनिओ पुटपुटला.

“असू द्या,” डॉक्टर म्हणाले. “त्यांच्यामुळेच हा दिवस आला. सावलीत ठेवा त्यांना. हरलेल्या माणसाला ऊन लागू नये.”

पाणी सोडले. उतारावरून ते मेंढवाड्यात गेले आणि मेंढ्या बाजूला सरकून बघत राहिल्या. चिखल उपसला. दोन गवंड्यांनी तळाचा चुना फोडला. खाली चौकोनी दगड होता, सांगितला होता तिथेच, सांगितला होता तेवढाच. पहारी घालून त्यांनी तो उलटला तेव्हा टाक्याच्या तळातून कड असा एक आवाज आला. त्याकडे कोणाचे लक्ष गेले नाही, कारण दगडावर अक्षरे होती.

डॉक्टर शिडीने खाली उतरले. गुडघ्यापर्यंत चिखल. त्यांनी बाहीने दगड पुसला, आणि पहिलीच ओळ वाचून त्यांना वाटले की आपल्याला ऊन लागले आहे.

“वाचा, डॉक्टर!” वरून ओरडा झाला. “आम्हाला कळेल असं सांगा!”

“व्हिबियुसचा मुलगा,” डॉक्टर म्हणाले आणि थांबले. “व्हिबियुसचा मुलगा नुमेरियुस पेलुसियुस, व्हेसेलियाचा दंडाधिकारी.”

टाक्याच्या भिंतींत असा गजर घुमला की मोन्सिन्योरनी कानावर हात ठेवले. टोप्या उडाल्या. “पेलूझो! पेलूझो!” कोणीतरी चर्चची घंटा ओढली. बावीस वर्षे डॉक्टर ज्या क्षणाची वाट बघत होते तो त्यांच्याभोवती चालू होता, आणि ते चिखलात उभे राहून एकच गोष्ट समजून घेण्याचा प्रयत्न करत होते: जो माणूस आपण मसुराच्या आमटीनंतर तयार केला, त्याने हा दगड कोरून घेतला कसा?

मग त्यांना कळले. त्यांनी वर पाहिले. डोली अगदी काठाशी आणून ठेवली होती. नोटरी उशीवरून त्यांच्याकडे मायेने बघत होता.

“पुढे?” मोन्सिन्योर म्हणाले.

“पुढचं झिजलंय.”

“मला तर इथून स्पष्ट दिसतंय,” मोन्सिन्योर म्हणाले. त्यांना जेवायचे होते. त्यांनी चष्मा लावला आणि काठावरून खणखणीत आवाजात उरलेले सांगून टाकले. “ऐका. व्हेसेलिया, जी अस्वलांच्या डोंगरावर दोन झऱ्यांपाशी आहे, तिच्या जनतेच्या वतीने, खालच्या उतारावर मेंढरं राखणाऱ्या आपल्या गुलामांची तहान भागावी म्हणून, आणि त्यांनी वरच्या झऱ्यांना तोंड लावू नये म्हणून, हे टाकं बांधून दिलं.”

घंटा अजून वाजत होती. मग कोणीतरी जाऊन ती थांबवली.

दोन झरे कुठे आहेत ते सगळ्यांना माहीत होते.

“बनावट आहे!” कोलांतोनिओ ओरडला. “हा नोटरीचा दगड आहे! डॉक्टर, सांगा ना!”

“हे बरोबर,” मोन्सिन्योर म्हणाले. “डॉक्टर, या विषयात मुलखातले जाणकार तुम्ही. पालथा दगड संशयातीत, हा नियमही तुमचाच. पण तुम्हाला काही शंका असेल तर आत्ताच सांगा, मी लिहून घेतो. एकच लक्षात ठेवा. बनावट म्हणायचं तर का ते सांगावं लागेल. आणि खोटा लेख करून बिशपसमोर मांडणाऱ्याला शिक्षा काय, ते तुम्हाला ठाऊक आहे. मग तो दगडावरचा असो की कागदावरचा.”

का ते डॉक्टरांना इतके चांगले माहीत होते की दुसऱ्या कोणाला माहीत असणे शक्य नव्हते. पेलुसियुस जन्मालाच आला नव्हता, त्याअर्थी त्याने दगड कोरला नाही. वाक्य सोपे होते. त्यांनी ते मनात दोनदा म्हणून पाहिले. त्या वाक्यानंतर चोपडे जाणार, झेंडा जाणार, सहा खंड जाणार, आणि बहुधा तेही बिशपच्या तळघरात जाणार.

“डॉक्टर,” डोलीतून नोटरी हळूच म्हणाला, काठावरच्या गलक्यात खाली फक्त त्यांनाच ऐकू जाईल इतक्या हळू. “पेलुसियुस तुमचाच ना? द्राक्षमळ्यातला? की हा कोणी दुसरा आहे?”

“चौदा वर्षं,” डॉक्टर म्हणाले.

“चौदा. बियाजोने कोरला, माझ्याच तळघरात. अक्षरं चांगली काढली की नाही? आता कोणीतरी खणायला हवं होतं. पण मी आपणहून सांगितलं असतं तर तुम्ही विश्वास ठेवला नसता. छळून काढल्याशिवाय तुम्हाला काही खरं वाटत नाही. तीन दिवस लावलेत हो. मला वाटलं होतं, एकात भागेल.”

“डॉक्टर!” मोन्सिन्योरनी घड्याळ काढले. “खरा की खोटा?”

डॉक्टरांनी पुन्हा एकदा बाहीने दगड पुसला, जणू काही राहिले असेल.

“खरा आहे,” ते म्हणाले.

पहिला चिखलाचा गोळा नेमका कोणी मारला हे नंतर कोणी कबूल केले नाही. टाक्याच्या तळाशी उभ्या माणसाला काठावरून मारणे अवघड नसते आणि चिखल काठावर भरपूर उपसून ठेवला होता. शिडीही कोणीतरी वर ओढून घेतली. “पेलुसियुस!” लोक ओरडत होते. “मोंतोर्व्होचा मालक! ये, तहान भागवतो तुझी!” तेव्हा कुठे डॉक्टरांच्या ध्यानात आले की दगडानुसार त्यांचा पूर्वज वरचा होता, म्हणजे तेही वरचे, म्हणजे बावीस वर्षे रोक्कात राहून त्यांनी जे केले ते हेरगिरीत मोडत होते. अगातेल्ला मावशीने मात्र काही फेकले नाही. ती काठावर बसून रिकाम्या टाक्याकडे बघत होती.

मोन्सिन्योर जेवून निघेपर्यंत, म्हणजे दोन तास, डॉक्टर खालीच होते.

नळी घातल्यापासून दहाव्या दिवशी पेर्नाचा माणूस पुन्हा आला. नोटरीच्या पोटात पाणी पुन्हा भरले होते. “नोटरी म्हणाले, पेलुसियुसांच्या घरातल्या वैद्याला बोलवा, आपलेच नातलग आहेत.”

“चंद्र बघून येतो म्हणावं,” डॉक्टर म्हणाले.

त्यांनी चंद्र पुष्कळ दिवस बघितला. नोटरीला मरायला पाच दिवस लागले. पेर्नाने पुढे सांगितले की शेवटच्या दिवशी तो खिडकीतून खालच्या वाटेकडे बघत होता आणि खेचर दिसत नाही म्हणून मध्येच हसायचा प्रयत्न करत होता, पण त्याला हवा पुरत नव्हती. मिरवणूक त्याला दिसली नाही. ती त्यानंतर चार दिवसांनी निघाली. मोंतोर्व्हो छत्रामागे चालले, रोक्का खेचरांमागे, आणि रोक्काचा झेंडा कोलांतोनिओच्या हातात होता.

बिशपचे पत्र ऑक्टोबरात आले. ग्रंथाला परवानगी होती, कारण बिशपने तो चाळला होता आणि त्यांना त्यातली विद्वत्ता आवडली होती. फक्त दगडाला धरून तो दुरुस्त करावा. छपाईचे मोंतोर्व्हो बघेल.

दोन दिवस डॉक्टर पत्रापुढे बसून होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी पहिला खंड उघडला, ‘रोक्कासेर्ला’ हा शब्द खोडला आणि वर ‘मोंतोर्व्हो’ लिहिले. मग पुढचा. नोहाचा नातू, कॉन्सुलची वाट, वेढा, आग, दोरीला बांधलेली चार हजार माणसे. त्यांना आधी वाटले होते की निम्मा ग्रंथ नव्याने लिहावा लागेल. पण हिवाळा संपेपर्यंत सहाही खंड झाले, आणि गावाच्या नावाशिवाय एक ओळही बदलावी लागली नाही. पुरावे सगळे जसेच्या तसे बसले. ग्रंथ पुढच्या वर्षी छापून आला. अर्पणपत्रिका कै. एर्कोले त्रास्मुंदो यांच्या पुण्यस्मृतीस आहे. ती डॉक्टरांनीच लिहिली आणि छान लिहिली. डॉक्टर तोवर मोंतोर्व्होला राहायला गेले होते, कारण रोक्कात त्यांना कोणी नाडी दाखवेना.

ऑक्टोबरचा पाऊस त्या वर्षी चांगला झाला. टाके दोनदा भरले आणि दोनदा रिकामे झाले. दगड काढला तेव्हा तळाला तडा गेला होता. गवंड्यांनी तीन वेळा चुना मारला, उपयोग झाला नाही. रोक्कासेर्लाच्या बायका आता पाण्याला मोंतोर्व्होच्या झऱ्यावर जातात. जाऊन-येऊन तीन तास लागतात.